डब्यातून काढलेला शब्द

लीला,

तुझी शोकसभा झाली. कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये तुझा फोटो पंख्याखालीच ठेवला होता आणि वाऱ्याने हार सारखा तुझ्या नाकावर येत होता. प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले, भरून न निघणारी पोकळी. त्यांच्यानंतर तुमच्या विभागाचे प्रमुख उठले. ते म्हणाले, हसतमुख व्यक्तिमत्त्व, मनमिळाऊ स्वभाव. मग विद्यार्थ्यांतर्फे एक जण बोलला, त्यानेही पोकळीच आणली. मी मागच्या रांगेत बसून मनातल्या मनात एकेक शब्द उचलून डब्यात टाकत होते. शेवटी भाषणांतून उरलं काय म्हणशील, तर तुझं नाव आणि ‘गणित’. बाकी सगळं डब्यात. आणि हसतमुख म्हणे! तू वर्गात शिरलीस की मागच्या बाकापर्यंत सगळ्यांची बोबडी वळायची, ती यांना दिसली नाही वाटतं.

मलाही बोलायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. ग्रंथपालबाई कमी बोलतात असा माझा लौकिक आहे, तो अशा वेळी कामी येतो. आपल्या डब्याची गोष्ट त्या माइकसमोर कशी सांगणार? ती तुझ्याशीच बोलायची, आणि आज तर बोललंच पाहिजे असं काही घडलं आहे. ते शेवटी सांगते. मधे घाई करू नकोस, तुझी सवय आहे ती.

आपले शनिवार आठवतात? त्या दिवशी लायब्ररी दुपारीच बंद व्हायची. सगळे गेले की तू येऊन माझ्या टेबलासमोर बसायचीस. काटोलला तुझ्या भावाची बाग, त्यामुळे हंगामात तुझी पिशवी भरलेली असे आणि सबंध वाचनालयात संत्र्याच्या सालीचा वास सुटे. दुसऱ्या कुणाला मी तिथे फळ सोलू दिलं नसतं. तू माझ्यासमोर, माझ्या नियमांच्या पाटीखाली बसून सोलायचीस आणि बिया माझ्या टाचण्यांच्या वाटीत टाकायचीस.

तेव्हा आपल्या कॉलेजात कॉम्प्युटर नव्हता. तू प्रोग्राम कागदावर लिहून दुसऱ्या शहरी पाठवायचीस, आणि आठ-पंधरा दिवसांनी उत्तर यायचं की एक स्वल्पविराम चुकला आहे. पण कॉम्प्युटरवरचे शोधनिबंध मात्र आपल्याकडे यायचे. बोटीने, महिनोन्महिने उशिरा, पोत्यातून. त्या ढिगातून कुणाला हवं ते कसं सापडणार, हा तुझा प्रश्न. उत्तरही तूच आणलंस. शीर्षकातल्या शब्दांची सूची करायची. ‘सर्चिंग अ मॅग्नेटिक टेप’ असं शीर्षक असेल तर मी ते तीन चिठ्ठ्यांवर टाइप करायचं. एक चिठ्ठी ‘सर्चिंग’खाली, एक ‘मॅग्नेटिक’खाली, एक ‘टेप’खाली. मग सगळ्या चिठ्ठ्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावायच्या आणि सायक्लोस्टाइल करून कॉलेजा-कॉलेजांत वाटायच्या. माणसाला एक शब्द आठवला तरी तो लेखापर्यंत पोचला पाहिजे.

लवकरच आपली पंचाईत झाली. ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘द’ यांना आपण पहिल्यापासून वगळतच होतो. पण ‘न्यू’चं काय करायचं? ज्याला त्याला आपलं काम नवीनच वाटणार. ‘न्यू’खाली चिठ्ठ्यांचा एवढा गठ्ठा झाला की त्यात कुणाला काही सापडण्याची आशाच उरली नाही. तू गठ्ठा हातात घेऊन वजन केल्यासारखा वरखाली केलास.

‘कुमुद, जो शब्द सगळ्यांपाशीच आहे, तो शोधणाऱ्याच्या काय कामाचा वं? टाक डब्यात.’

डबा म्हणजे धरमपेठेतल्या तुझ्या घरमालकिणीने दिलेला बिस्किटांचा रिकामा डबा, झाकणावर पोपट. शब्द फार झाला की तो एका कार्डावर लिहायचा आणि डब्यात ठेवायचा. मग त्या शब्दाखाली चिठ्ठी करायची नाही, कधीच नाही. एकदा आत गेलेला शब्द बाहेर येणार नाही, हा तुझा कायदा. आणि शीर्षकात जो शब्द नाही तो आपण पदरचा घालायचा नाही, हाही तुझाच.

‘न्यू’च्या मागोमाग ‘सम’ गेला. ‘मेथड’ गेला, ‘प्रॉब्लेम’ गेला, ‘अप्रोच’ गेला. ‘सिस्टीम’ पहिल्या वर्षी मोठ्या रुबाबात आला होता. पुढे तो प्रत्येक दुसऱ्या लेखात दिसायला लागला, तेव्हा तू त्याला निरोप दिल्यासारखं कार्ड आत सारलंस. ‘ऑप्टिमल’वरून आपलं कडाक्याचं भांडण झालं आणि तू एक आख्खा शनिवार माझ्याशी बोलली नाहीस. हळूहळू डबा आपल्या बोलण्यातही आला. मीटिंगहून आलीस की मी विचारायची, काय झालं? तू म्हणायचीस, ‘काही नाही, दोन तास डबा.’

‘टुवर्ड्स’ची गोष्ट वेगळी. तेव्हा दर पोत्यातून ‘टुवर्ड्स’ने सुरू होणारी शीर्षकं यायची. अमक्याच्या दिशेने, तमक्याच्या दिशेने. मी वैतागले होते.

‘पोचले नाहीत तर लिहितात काहून?’ मी म्हटलं.

‘अवं, पोचले नाही म्हणूनच तर लिहून राहिले. बाकीचे सारे पोचल्याच्या थापा मारून राहिले. एवढेच बिचारे खरं बोलून राहिले.’

तरी तो शब्द तूच तुझ्या हाताने डब्यात टाकलास, कारण कायदा. पण टाकताना कार्डावर एक फुंकर मारलीस. मी ती पाहिली होती.

एकदा तू मला काटोलला बागेत नेलंस. झाडाखाली तोडलेल्या संत्र्यांचा ढीग होता आणि तुझा भाऊ ट्रकची वाट पाहत अंगणात येरझारा घालत होता. ट्रक आधी दुसऱ्याच बागेत गेला होता. ऊन चढत होतं. भाऊ ढिगातून मऊ पडलेली संत्री काढून बाजूला ठेवायचा आणि तू मातीत काडीने काहीतरी आखत बसली होतीस. गाड्या थोड्या, बागा पुष्कळ, माल टिकणारा नाही. तर कोणत्या बागेत गाडी आधी न्यायची? भाऊ म्हणाला, ‘हे पाय, बाई माती उकरून राहिली. इथं माल चालला!’ तू मान वर न करता म्हणालीस, ‘तुह्याच मालाचा हिशेब करून राहिली गा मी.’

त्या मातीतल्या रेघांवर तू किती वर्षं घालवलीस ते मी पाहिलं आहे. तुझ्या हाती खरंच काहीतरी लागलं होतं. गणित मला कळत नाही, पण माणसाला काही सापडलं की त्याचं चालणं बदलतं, ते मला कळतं. बाहेरगावच्या एका परिषदेत तू ते वाचलंस तेव्हा शीर्षकात संत्री होती, काटोल होतं. आणि अध्यक्षांनी विचारलं, ‘मॅडम, सॅम्पल आणलंय की नाही?’ सगळा हॉल हसला. शनिवारी मला सांगताना तूही हसलीस. फार वेळ हसलीस.

त्यानंतर तू तो लेख नव्याने लिहिलास आणि मला टाइप करायला दिलास. शीर्षक: ‘टुवर्ड्स अ न्यू अप्रोच टू सम शेड्युलिंग प्रॉब्लेम्स.’

मी मशीनवरून हात काढले. ‘यातले संत्रे कुठं गेले?’

‘काढले.’

‘काहून?’

‘संत्रे ठेवले तर संत्रेवालेच वाचतीन. जे जे नासते, त्या साऱ्याचं गणित हाय हे. दूध नासते, भाजी नासते. मग दूधवाला कसा यीन?’

‘आणि तो सॅम्पलवाला?’

तू कागद परत माझ्या मशीनकडे सरकवलास. मला राग आला होता, लीला, तुझ्यावर नाही, पण तोंडासमोर तूच होतीस. माझे वडील छप्पन साली दीक्षा घेऊन घरी आले, त्या दिवसापासून त्यांनी कुणालाही आपला पत्ता अर्धवट सांगितला नाही. वस्तीच्या नावासकट सांगायचे, साहेब असो की शिपाई असो. ऐकणाऱ्याचा चेहरा बदलला तर तो त्याचा प्रश्न, म्हणायचे. मी त्या घरात वाढले. तू आपलं गाव पुसलंस हे मला सोसलं नाही, आणि ते मी तुला चांगलं खणखणीत सांगितलं. तू म्हणालीस, ‘तुह्या बापाले पत्ता सांगाचा होता. मले गणित सांगाचं हाय.’ मी मशीनला कागद लावला आणि शीर्षक तू दिलंस तसंच टाइप केलं.

लेख छापून आला. एका लहानशा नियतकालिकात, पण छापून आला. त्या शनिवारी मी घरून चिवडा आणला होता. इतर चिठ्ठ्या बाजूला सारून आपण आधी तुझा लेख घेतला. मी कोरी चिठ्ठी मशीनला लावली आणि विचारलं, ‘बोल, कोणत्या शब्दाखाली?’

तू वाचायला लागलीस. टुवर्ड्स, डब्यात. न्यू, डब्यात. अप्रोच, डब्यात. सम, प्रॉब्लेम्स, दोन्ही डब्यात. राहिला ‘शेड्युलिंग’. तो शब्द फार झाला म्हणून मागच्याच शनिवारी तू माझ्याशी भांडून आत टाकला होतास. आपण दोघी त्या डब्याकडे पाहत राहिलो. आख्खा लेख, वर्षांची मेहनत, आणि आपल्याच सूचीत त्याला ठेवायला एक ओळ नव्हती! मग तुला हसू फुटलं. मलाही फुटलं. इतक्या हसलो की चिवडा टायपरायटरमध्ये गेला.

हसणं संपल्यावर मी झाकण उघडायला गेले. तू माझा हात धरलास.

‘नाही.’

‘एकच शब्द, लीला. कोणाले कळते?’

‘मह्यासाठी उघडशील तर उद्या प्रिन्सिपॉलसाठी उघडशील.’

झालं. तुझा लेख कपाटात गेला आणि तिथेच राहिला. कुणी मागितला नाही, कारण तो आहे हे कुणाला कळायलाच मार्ग नव्हता. पुढे कॉलेजात एक छोटा कॉम्प्युटर आला, थंड खोलीत, चपला बाहेर काढून जायचं. तू मुलांना त्याच्यावर शिकवायला लागलीस, तुझे केस पांढरे झाले, माझा चष्मा जाड झाला, पण हे भांडण काही म्हातारं झालं नाही. दर वर्षाच्या शेवटी मी ते काढायची. मी म्हणायची, ‘ऑरेंज’खाली एक चिठ्ठी घालते. तू म्हणायचीस, शीर्षकात नाही. मी म्हणायची, मग डबा उघडते. तू म्हणायचीस, कायदा. आणि मग आपण चहा प्यायला जायचो.

मी तुला एक कधी विचारलं नाही. तू संत्री काढलीस ती दूधवाल्यासाठी, की त्या हसण्यापायी? मला वाटायचं, हसण्यापायी. म्हणूनच तर मी भांडत होते. आता तू नाहीस तर वाटतं की दोन्ही असेल, आणि कोणतं किती हे तुलाही सांगता आलं नसतं. माणसाचं कारण एकच असावं असा हट्ट मी तरी का धरावा?

या वर्षी आपण सगळ्या वर्षांची मिळून एकच मोठी सूची करायला घेतली. निम्म्यावर आली आणि तू आजारी पडलीस. दवाखान्यात मी चिठ्ठ्यांची पेटी घेऊन यायची. सिस्टर ओरडायची, तू तिला गप्प करायचीस. शेवटच्या आठवड्यात मी तुला विचारलं.

‘आता तरी ऑरेंज घालू काय?’

‘शीर्षकात नाही ते नाही घालाचं.’

‘मग डबा उघडू?’

तू डोळे मिटलेस. ‘झोपू दे वं मले.’

हे होय होतं की नाही होतं, देव जाणे. देवाला मी मानत नाही, म्हणजे कुणीच जाणत नाही. तुझं शेवटचं वाक्य निदान डब्यातलं नव्हतं, एवढं मात्र खरं.

तू गेल्यावर मी काटोलला आले होते. तुझ्या भावाने मला तुझ्या खोलीत नेलं. तिथून बाग दिसते. म्हणाला, ‘बाई, आमच्या बाईनं काय शोधलं ते आम्हाले काही समजलं नाही. पण तिनं सांगतलं तशी गाडी फिरवली तं माल कमी सडते, एवढं समजलं. आता या भागात सारे तसंच करतेत.’ त्याला वाटत होतं हे मला ठाऊक असेल. मला ठाऊक नव्हतं, लीला. एवढं तू मला का सांगितलं नाहीस? मी इतकी वर्षं तो लेख कुणी वाचत नाही म्हणून जळत होते, आणि तू निवांत चहा पीत होतीस! परतीच्या बसमध्ये मी तुझ्यावर चिडले आणि रडलेही. शेजारच्या बाईने न विचारता माझ्या हातात पाण्याची बाटली दिली.

मग मी डबा उघडला. दुपारी, लायब्ररी सुरू असताना, सगळ्यांच्या देखत. आधी ‘ऑरेंज’चा मोह झाला. चिठ्ठी टाइपही केली. तू अडवायला नव्हतीस आणि म्हणूनच ती फाडावी लागली. माणूस नसताना त्याच्याशी भांडण जिंकण्यात काही मजा नाही. मग डब्यातली कार्डं टेबलावर मांडली. ‘सम’ कुणाचाच नाही. ‘न्यू’ तर आता जुना झाला. ‘शेड्युलिंग’ उघडला तर त्याच्या गठ्ठ्यात तू पुन्हा हरवणार. ‘टुवर्ड्स’ मी उचलला. तू ज्याच्यावर फुंकर मारली होतीस तो. आणि ऐक, रागावण्याआधी ऐक. तुझ्या एकटीसाठी नाही उघडला. इतक्या वर्षांतले सगळे ‘टुवर्ड्स’ कपाटातून काढून घेतले, ओळखीचे, बिनओळखीचे, चांगले, भिकार. कायदा बदलला तो सगळ्यांसाठी बदलला. मला त्यासाठी जास्तीचे स्टेन्सिल कापावे लागले. त्या पानावर आता न पोचलेल्यांची भली मोठी रांग उभी आहे, आणि तू त्यांच्यात आहेस. मला ते पान फार आवडतं.

सूची गेल्या आठवड्यात छापून वाटली. आणि आज सकाळी एक गृहस्थ आले, दूध योजनेत नोकरी करणारे. हातात सूचीचं तेच पान.

‘मॅडम, मी ट्रान्सपोर्ट पाहून राहिलो होतो. आमच्या गाड्या कमी, गावं जास्त, अन् उन्हाळ्यात दूध अर्ध्या रस्त्यातच नासते. तं ट्रान्सपोर्टच्या थोडं वरतीच हे दिसलं, टुवर्ड्समधी. शेड्युलिंग लिहिलं हाय, पण कायचं ते काही लिहिलं नाही. काय हाय याच्यात?’

मी कपाट उघडलं. तुझा लेख काढला, धूळ पुसली आणि त्यांच्या हातात दिला.

‘संत्रे,’ मी म्हटलं.

आणि थांबले. परिषदेतल्या त्या हॉलसमोर तू जशी थांबली असशील तशी, त्यांच्या तोंडाकडे पाहत.

ते हसले नाहीत, लीला. ‘हो नं, तेही सडतेच,’ एवढंच म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

तुझा दूधवाला आला वं. खिडकीजवळच्या टेबलावर बसून वाचून राहिला आहे.

कुमुद